साच्यातल्या लाटा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या आवारात थंड झालेल्या बिलेटांची थप्पी रचलेली होती. बिलेट म्हणजे पोलादाचा चौकोनी दांडा, सव्वाशे मिलिमीटर जाड आणि ट्रकमध्ये मावेल इतका लांब. तो पुन्हा तापवून रोलिंग मिलमधून लाटला की त्याची सळई होते. दुरून हे दांडे सपाट दिसतात. जवळ जाऊन हात फिरवला तर बोटांना आडव्या वळ्या लागतात, एकीखाली एक, अगदी शिस्तीत. सुपरवायझरकडून टेप मागून घेतला आणि मोजल्या. पंधरा सेंटीमीटरमध्ये दहा.

माझी समजूत अशी की साच्याच्या आतच तशा खाचा असणार, चकलीच्या सोऱ्याला असतात तशा. तसं काही नव्हतं. साचा तांब्याचा आणि आतून गुळगुळीत असतो. वळ्या उमटतात त्या वितळलेल्या पोलादाचा पृष्ठभाग साच्याच्या भिंतीला टेकतो त्या कडेवर, आणि एक वळी उमटायला अर्धा सेकंदही लागत नाही. पुढे त्या पोलादाची सळई होवो नाहीतर मोटारीचा पत्रा, त्याच्या नशिबातलं बरंचसं त्या पृष्ठभागावरच ठरतं. म्हणून जगभरचे पोलाद कारखाने हा हातभर रुंदीचा द्रव किती मिलिमीटर हलतो यावर डोळ्यांत तेल घालून पहारा देत असतात.

आधी यंत्राची, म्हणजे कॅस्टरची, ओळख. भट्टीतलं पोलाद लॅडल नावाच्या प्रचंड बादलीत येतं. लॅडलमधून ते खालच्या टंडिशमध्ये उतरतं. टंडिश म्हणजे आपल्या गच्चीवरची टाकी समजा. लॅडल रिकामी होऊन दुसरी येईपर्यंत खालची धार तुटू नये, ही तिची नोकरी. टंडिशच्या तळातून पोलाद साच्यात पडतं. या साच्याला तळच नाही. सुरुवातीला खालून एक लोखंडी दांडा, डमी बार, बुचासारखा घालून ठेवतात. वरून ओतलेलं पोलाद त्याला चिकटून गोठतं आणि मग तो दांडा हळूहळू खाली ओढायला लागतात. साच्याच्या भिंतींमागून पाणी खेळत असतं. त्यामुळे भिंतीलगतच्या पोलादाची साल धरते, आत मात्र रस असतो. जेमतेम मीटरभर लांबीच्या साच्यातून बाहेर पडताना ही साल सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर जाड असते. पुढे रोलरांच्या रांगेतून, पाण्याच्या फवाऱ्यांखालून जाता जाता गाभा गोठतो. मोठ्या स्लॅबच्या बाबतीत त्याला वीस-पंचवीस मीटर जावं लागतं. (इथे स्लॅब म्हणजे घराचा नव्हे, पोलादाची जाड पाटी.) आज जगातलं नव्वद टक्क्यांहून अधिक पोलाद असंच, न तुटणाऱ्या दांड्याच्या रूपात ओतलं जातं.

कल्पना जुनीच. हेन्री बेसेमरने पाण्याने थंड ठेवलेल्या दोन रोलरांमध्ये पोलाद ओतायचा विचार 1850च्या दशकातच मांडला होता. पण पोलाद असं सलग ओतणं जमून यायला पुढे शंभर वर्षं लागली आणि त्याला मोठं कारण होतं चिकटणं. साचा स्थिर ठेवला की कोवळी साल तांब्याला धरते, ओढताना फाटते आणि फाटल्या जागेतून रस बाहेर येतो. कारखान्यात याला ब्रेकआउट म्हणतात. पंधराशे अंशांचं पोलाद खालच्या रोलरांवर सांडून गोठतं आणि मग ते गॅस कटरने कापून काढण्यात पाळ्यांमागून पाळ्या जातात.

उपाय शोधला जर्मनीच्या झिगफ्रीड युंगहान्सने. साचाच वरखाली हलवायचा, असं त्याचं 1933चं पेटंट. पहिल्यांदा ते पितळेसाठी वापरलं गेलं. साचा दांड्याबरोबर त्याच्याच वेगाने खाली जायचा आणि मग झटकन वर यायचा. पुढे 1950च्या दशकात इंग्लंडमधल्या बॅरोच्या कारखान्यात हॅलिडे यांनी यात एक मख्खी शोधली. खाली जाताना साचा दांड्याच्या वेगाने नव्हे, त्याहून जरा जास्त वेगाने न्यायचा. म्हणजे क्षणभर साचाच सालीला पुढे टाकून खाली सरकतो, तिला दाबतो, बारीक फाटलेलं सांधतो आणि भिंतीलगत थोडं वंगणही खाली ढकलतो.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. स्लॅब मिनिटाला 1.2 मीटर वेगाने खाली चालली आहे. साचा मिनिटाला 120 वेळा वरखाली होतो आणि प्रत्येक वेळी 8 मिलिमीटर सरकतो. खाली जातानाचा त्याचा कमाल वेग येतो मिनिटाला सुमारे 3 मीटर. प्रत्येक अर्ध्या सेकंदाच्या फेरीत सुमारे 0.18 सेकंद साचा स्लॅबच्या पुढे धावतो. आणि 1200 मिलिमीटरला 120 ने भागलं की उरतात 10 मिलिमीटर. स्लॅबच्या अंगावर दर सेंटीमीटरला एक वळी. जालन्याच्या बिलेटवर दीड सेंटीमीटरला एक होती, कारण बिलेटं याहून बरीच वेगात ओढतात.

आता त्या कडेकडे जवळून पाहू. काचेच्या नळीत पारा घातला की त्याचा पृष्ठभाग कडेला खाली वळतो, पाण्यासारखा भिंतीवर चढत नाही. वितळलेलं पोलाद तसंच वागतं. भिंतीपाशी ते काही मिलिमीटरचा गोलावा घेऊन खाली वळतं. उष्णता सगळ्यात जोरात निघून जाते ती इथेच, म्हणून या गोलाव्याचं टोक सगळ्यात आधी गोठतं. साचा वरखाली होताना ते टोक वाकतं किंवा त्याच्यावरून ताजं पोलाद ओसंडतं आणि एक वळी पडते. वळी उथळ असली तर काही बिघडत नाही. पण त्या क्षणी पृष्ठभाग एकदम चढला किंवा उतरला तर गोठलेलं टोक आकड्यासारखं आत वळून राहतं. रसाबरोबर वर येणारे वायूचे बुडबुडे आणि अॅल्युमिनाचे (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे) कण या आकड्यात अडकतात. स्लॅबमध्ये ते दिसत नाहीत. ती स्लॅब लाटून मोटारीच्या दारासाठी मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा केला की तो अडकलेला कण लांबच लांब ओरखडा होऊन वर येतो आणि रंगाखालीही लपत नाही.

पृष्ठभागावर आणखी एक गोष्ट असते: पावडर. चुना, वाळूतली सिलिका, सोडा, फ्लोराइड आणि थोडा कार्बन यांची करड्या-काळ्या रंगाची भुकटी सतत वरून टाकत राहतात. खालचा तिचा थर वितळून काचेसारखा द्रव होतो. तो भिंतीलगतच्या फटीत उतरून वंगणाचं काम करतो. वरची कोरडी भुकटी गोधडीसारखी ऊब धरते आणि हवा आत येऊ देत नाही. लहान बिलेटांच्या कॅस्टरवर मात्र अनेक ठिकाणी अजूनही तेलावरच भागवतात. तिथे साच्याच्या तोंडाशी पिवळ्या ज्वाळा नाचताना दिसतात. पावडरवाल्या साच्याचं तोंड त्या मानाने फारच मिळमिळीत दिसतं, विझलेल्या चुलीतल्या राखेसारखं. खाली लाटा उठताहेत यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

त्या लाटा किती वेळात इकडून तिकडे जातात?

याचं उत्तर भट्टीच्या जवळही न जाता काढता येतं, आणि या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच. खोल आयताकृती भांड्यातला द्रव इकडून तिकडे आणि परत असा हेलकावा घ्यायला किती वेळ लावतो हे जवळजवळ पूर्णपणे भांड्याच्या लांबीवर ठरतं. लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.13 ने गुणा, सेकंद मिळतात. दीड मीटर लांबीच्या साच्यासाठी ते येतं जवळपास 1.4 सेकंद. या सूत्रात घनता कुठेच नाही. पोलादाचा रस पाण्याच्या सातपट जड असतो, तरी तो पाण्याच्याच ठेक्यात हेलकावतो. जड द्रवाला हलवायला जोर जास्त लागतो, पण त्याला परत खाली ओढणारं वजनही त्याच प्रमाणात जास्त असतं. झोपाळ्यावर पोर बसो की आजोबा, झोका तेवढ्याच वेळाचा असतो, तसंच हे.

बादलीचं गणितही याच घराण्यातलं. साधारण 28 सेंटीमीटर तोंडाच्या बादलीतलं पाणी सेकंदाला पावणेदोन-दोन वेळा हेलकावतं आणि माणूस चालताना पावलंही सेकंदाला साधारण तेवढीच टाकतो. दोन्ही ठेके जुळले की बादली हिंदकळते आणि पाय भिजतात. वेग थोडा बदलला की सांडणं कमी होतं. आमच्या आजोळी विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बायका हंड्यात पाण्यावर एखादं रुंद पान टाकत. लहानपणी मला वाटायचं ते पाणी थंड राहावं म्हणून. पानाचं खरं काम वेगळं: ते पृष्ठभागावर घासून हेलकाव्यातली शक्ती खातं. साच्यावरचा पावडरचा थरही काही प्रमाणात तेच करतो. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 2015 मध्ये द्रवावर फेसाचे थोडेसे थर ठेवून हेच मोजलं. फेसाचे मोजके थरसुद्धा हिंदकळणं पुरतं खाली आणतात.

पोलादाचा रस आणि पाणी यांच्यात आणखी एक साम्य आहे. घनतेच्या हिशेबात बघितलं तर दोघांचा पातळपणा जवळपास सारखा निघतो. त्यामुळे संशोधन केंद्रांत पारदर्शक अॅक्रिलिकचा साचा करून त्यात साधं पाणी सोडतात, रंग टाकतात, पावडरच्या जागी वर तेलाचा थर ठेवतात आणि निवांत बसून लाटा बघतात. पाण्याची मर्यादा अशी की ते गोठत नाही आणि चुंबकाला दाद देत नाही. चुंबकाचा परिणाम पाहायचा तर द्रव धातूच लागतो. जर्मनीत ड्रेस्डेनच्या हेल्महोल्ट्झ केंद्रात त्यासाठी गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं मिश्रण वापरतात. ते घरच्या तापमानालाही पातळ राहतं.

हेलकावा उठवतं कोण? पहिला आरोपी नोझल. मोठ्या स्लॅबच्या साच्यात टंडिशमधून एक चिनीमातीसारखी नळी खाली रसात बुडालेली असते आणि तिच्या दोन बाजूंच्या भोकांतून दोन जोरदार धारा निघतात. धार साच्याच्या अरुंद भिंतीवर आदळून दुभंगते. अर्धी खाली जाते, अर्धी वर येऊन पृष्ठभागावरून नोझलकडे परत वाहते. दोन्ही धारा सारख्या असतील तर बरं. अॅल्युमिनाचे कण एका भोकात चिकटून साठले की दुसरी धार दांडगी होते आणि पृष्ठभाग तिरका होऊन डोलायला लागतो. साठलेला खडा अचानक सुटला तर आणखी गोंधळ.

मग धार मंदच ठेवावी ना? इथे या धंद्याची खरी गोची आहे. पृष्ठभाग अगदी शांत झाला तर गरम रस वर पोचत नाही. पावडर नीट वितळत नाही आणि ती गोलाव्याची कड लवकर गोठून तोच आकडा जाड होतो. पृष्ठभागावरचा वेग सेकंदाला 20 सेंटीमीटरच्या खाली गेला तर हे दुखणं. तो 40 सेंटीमीटरच्या वर गेला तर वाहणारं पोलाद वितळलेल्या पावडरचे थेंब ओरबाडून आत नेतं, जसं वादळात लाटांचा फेस तुटतो. या दोन आकड्यांच्या मध्ये राहायचं, तेही काळ्या भुकटीखाली, कुणाला काही दिसत नसताना.

तो वेग मोजायची एक पद्धत इतकी साधी आहे की ऐकून हसू येतं. एका फळीला ओळीने खिळे ठोकतात. फळी साच्यावर धरून खिळे तीन-चार सेकंद रसात बुडवतात आणि उचलतात. प्रत्येक खिळ्याच्या टोकाला गोठलेल्या पोलादाचा गोळा लागलेला असतो. वाहत्या पाण्यात उभ्या खांबाच्या पुढच्या अंगाला पाणी चढतं आणि मागे उतरतं, तसाच हा गोळा तिरका गोठतो. तिरकेपणावरून वेग आणि दिशा समजते. या गोळ्यांच्या उंचीची ओळ जोडली की त्या क्षणी लाटेचा आकार कसा होता तो मिळतो. खिळ्यालगत अॅल्युमिनियमची तार बांधली तर ती पावडरच्या वितळलेल्या थरापर्यंतच वितळते, म्हणून त्या थराची जाडीही कळते. अमेरिकेत ब्रायन थॉमस यांच्या गटाने या खिळ्यांचं पद्धतशीर गणित मांडलं. कोट्यवधींच्या यंत्रावर दोन-पाच रुपयांचे खिळे काम करतात, हे मला तरी फार आश्वासक वाटतं.

पण खिळे क्षणाचाच फोटो देतात. सतत लेव्हल सांगायला साच्याच्या एका बाजूला सीझियम-137 किंवा कोबाल्ट-60 यांचा किरणोत्सारी तुकडा आणि समोर किरण मोजणारं यंत्र बसवतात. रस चढला की तो किरण अडवतो आणि आकडा उतरतो. दुसरा मार्ग म्हणजे पृष्ठभागावर टांगलेली, विद्युतप्रवाहावर चालणारी गुंडाळी. आकडा मिळाला की नियंत्रक टंडिशच्या भोकावरच्या दांड्याला, स्टॉपर रॉडला, वर-खाली करून धार वाढवतो किंवा कमी करतो. लेव्हल तीन-चार मिलिमीटरच्या आत धरून ठेवली तर पाळी चांगली गेली म्हणायची.

नियंत्रकही फसतो, आणि फसवते लाटच. समजा सेन्सर साच्याच्या एका टोकाजवळ आहे. हेलकाव्यात त्या टोकाशी रस खाली गेला, तर नियंत्रक समजतो लेव्हल घटली. प्रत्यक्षात रस तेवढाच असतो, फक्त दुसऱ्या टोकाला गेलेला. नियंत्रक स्टॉपर उघडतो. तोवर लाट परत येते, आता रस जास्त, म्हणून तो बंद करतो. चुकीच्या वेळी दिलेल्या धक्क्यांनी झोका वाढतो. म्हणून नियंत्रकाला साच्याच्या लांबीवरून काढलेल्या त्या ठेक्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करायला शिकवतात. शिवाय सेन्सरची जागाही हिशेबाने निवडतात. नोझल मध्यावर असल्यामुळे दोन्ही कडा चढतात तेव्हा मधला भाग उतरतो, अशी लाट इथे बरीच उठते. ती डोलत असताना साच्याच्या लांबीच्या पाव भागावरचा बिंदू मात्र जागचा हलत नाही. सेन्सर तिथे, म्हणजे नोझल आणि अरुंद भिंतीच्या बरोबर मधोमध, टांगला की त्याला लाट दिसत नाही, खरी लेव्हल दिसते.

दुसरा आरोपी साच्यात नसतोच. तो कित्येक मीटर खाली असतो, आणि त्याला पकडायला लोकांना वेळ लागला. साच्याबाहेर पडलेल्या स्लॅबच्या पोटात अजून रस असतो आणि वरच्या सगळ्या रसाचा दाब तिच्या कोवळ्या सालीवर पडतो. दोन रोलरांच्या मधल्या मोकळ्या जागेत साल जराशी फुगते. पुढच्या रोलरने ती परत दाबली जाते. सालीचा हा फुगीर आकार थोडा घट्ट झाला आणि रोलर सारख्या अंतरावर असले तर सगळे फुगवटे एकदमच रोलरांखाली येतात आणि एकदमच बाहेर पडतात. दाबला गेलेला रस जाणार कुठे? वर, साच्यात. हिशेब करा: स्लॅब दीड मीटर रुंद, 23 सेंटीमीटर जाड. दहा मीटर लांबीत दोन्ही तोंडांवर साल सरासरी एक दशांश मिलिमीटरच आत आली. रस सरकला तीन लिटर. साच्यातल्या पृष्ठभागाच्या मानाने ती लेव्हल जवळजवळ 9 मिलिमीटरने चढली. केसाच्या जाडीएवढी हालचाल खाली आणि वर लेव्हलची मर्यादा दुपटीने ओलांडलेली! रोलर 25 सेंटीमीटरवर असतील आणि स्लॅब मघाच्याच 1.2 मीटरच्या वेगाने चालली असेल तर हा चढउतार दर साडेबारा सेकंदांनी येतो. उपाय म्हणून रोलरांमधली अंतरं मुद्दाम कमीजास्त ठेवायची. पुलावरून जाताना सैनिकांना कवायतीची पावलं मोडायला सांगतात, तसंच.

धारेला आवर घालायचा आणखी एक उपाय 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या कावासाकी स्टील आणि स्वीडनच्या आसिया या कंपन्यांनी मिळून काढला. साच्याभोवती जबरदस्त चुंबक बसवले. वाहता धातू चुंबकीय क्षेत्रातून गेला की त्यात वीज उत्पन्न होते आणि तीच वीज त्याचा वेग अडवते. कशालाही न शिवता लावलेला ब्रेक. पातळ स्लॅबच्या कॅस्टरांवर याची फार गरज पडते, कारण तिथे वेग मिनिटाला पाच-सहा मीटरपर्यंत जातो आणि रस मात्र पाच-सहा सेंटीमीटर जाडीच्या फटीत मावायचा असतो. रायगड जिल्ह्यात डोलवीला पातळ स्लॅबा ओतल्या जातात त्या याच जातीच्या कॅस्टरवर.

जालन्याच्या त्या कारखान्यात यातलं फारसं काही नव्हतं. चुंबक नाही, बुडालेली नोझल नाही, पावडर नाही. टंडिशच्या ठरावीक मापाच्या भोकातून उघडी धार साच्यात पडत होती. ती कमीजास्त करायची सोय नव्हती, म्हणून निळी काच डोळ्यांपुढे धरलेला माणूस रसाची लेव्हल बघत बिलेट ओढायचा वेग जुळवत होता. चढली की वाढव, उतरली की कमी कर. एक हात बटणावर, नजर ज्वाळांमधून खाली. तासभर मी पाहत होतो, तेवढ्यात त्याने मान वळवली असेल ती दोनदा.

थप्पीतल्या एका बिलेटावर मध्येच हातभर भागात वळ्या दाट झाल्या होत्या. सुपरवायझरला दाखवलं. टंडिशचं भोक थोडं बुजून धार बारीक झाली असेल, वेग उतरवावा लागला असेल, साचा मात्र त्याच ठेक्यात हलत राहिला, असं त्याने सांगितलं आणि खडूने तिथे काहीही खूण न करता पुढे निघाला. दुसऱ्या दिवशी ते बिलेट तापवण्याच्या भट्टीत जाणार होतं. लाटल्यावर वळ्या राहत नाहीत. सळईवर हाताला लागतात त्या धारी शेवटच्या रोलरने सिमेंटची पकड बसावी म्हणून दाबून उठवलेल्या असतात.